टक्सीडो पार्कची देवडी

रस्त्यालगतची ही दगडी इमारत लांबून एखाद्या गढीच्या बुरुजासारखी भासते. प्रत्यक्षात ती एका निवासी वसाहतीची देवडी आहे. न्यूयॉर्क शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर, रामापो टेकड्यांमध्ये वसलेल्या टक्सीडो पार्कमध्ये येथूनच प्रवेश मिळतो, अर्थात ज्यांना मिळतो त्यांना. या भिंतीतले धोंडे जरा जवळून पाहावेत. त्यांना टाकीचा घाव फारसा लागलेला नाही. वास्तुविशारद ब्रूस प्राइस यांनी रानातले धोंडे अंगावरच्या शेवाळासकट रचून घेतले, जेणेकरून कालपरवा उभी राहिलेली इमारत पिढ्यान्‌पिढ्यांची वाटावी.

ही रानजमीन तंबाखूच्या व्यापारात गब्बर झालेल्या लोरिलार्ड घराण्याची. १८८५ साली चौथे पिअर लोरिलार्ड यांनी शिकार आणि मासेमारीसाठी निवडक स्नेह्यांचा क्लब काढून त्याभोवती घरे बांधण्याचे ठरवले. अभियंते अर्नेस्ट बाउडिच यांनी टेकड्यांचे उतार न मोडता रस्ते आखले, प्राइस यांनी घरांचे आराखडे केले आणि पानगळीत काम सुरू झाले. इटली आणि स्लोव्हाकियातून आलेले सुमारे १,८०० मजूर झोपड्यांत राहून ऐन हिवाळ्यात गोठलेली जमीन खणत होते. त्यांनी जवळजवळ ४८ किलोमीटरचे रस्ते केले, पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ टाकले, तळ्याकाठी क्लबची वास्तू उभारली आणि साऱ्या मुलुखाला काटेरी तारेचे कुंपण घातले. ज्यांना मालक मंडळी 'कॉटेज' म्हणत, ती लाकडी कौलांची घरेही याच हातांची. लोरिलार्ड यांचे नाव प्रत्येक वर्णनात येते. मजुरांचा उल्लेख बहुधा आकड्यापुरताच होतो.

३० मे १८८६ रोजी, म्हणजे जेमतेम आठ महिन्यांत, वसाहत खुली झाली आणि खास आगगाड्यांनी शहरातले पाहुणे इथल्या रेल्वे स्थानकावर उतरले. जमीन विकत घेण्यासाठी नुसता पैसा पुरत नसे, आधी क्लबचे सभासदत्व लागे. त्यामुळे शेजारी कोण असावा, हे क्लबच ठरवत असे. पुरुषांच्या ज्या आखूड कोटाला अमेरिकेत टक्सीडो म्हणतात, त्याचे नाव याच गावावरून पडले. शिष्टाचारावर १९२२ साली ग्रंथ लिहिणाऱ्या एमिली पोस्ट या प्राइस यांच्याच कन्या. कोणाकडे कसे जावे आणि कसे वागावे, याचे धडे त्यांना घरातच मिळाले असावेत.

पुढे १९२९ ची मंदी आली, मोठी घरे सांभाळणे अवघड झाले, आणि १९५२ मध्ये वसाहतीचे रीतसर गाव झाले.

स्थानक आणि मजुरांच्या वंशजांची वस्ती कुंपणाबाहेर राहिली. देवडीवर आजही पहारा असतो. आपण पाहिलेली आतली छायाचित्रे जुनी आहेत. आमचा कॅमेरा या कमानीपर्यंतच आला.