आधी टेप, मग कॅन

मंडळी, विषय दिलाय ‘माशांच्या कल्ल्यांवरचे परजीवी आणि औषधी स्नान’. स्नान ऐकून मागच्या रांगेतल्या आजोबांनी हात जोडले. आजोबा, हे चंद्रभागेतलं नव्हे, फॉर्मॅलिनचं, म्हणजे परजीवी मारायच्या औषधाच्या पाण्यातलं आहे. यात पुण्य नाही, चुकलं तर पाप मात्र रोख मिळतं. मला मिळालंय, तेच आधी सांगतो.

मोहोळकडचं शेततळं, मे महिना. कटला-रोहू पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते. मालक म्हणाले, “साहेब, हवा कमी पडतीय, एरेटर लावू का?” मी एक मासा घेऊन कल्ल्याची फीत काचपट्टीवर ठेवली, सूक्ष्मदर्शकात बघितलं. आकडे रुतवून बसलेले डॅक्टिलोगायरस, म्हणजे कल्ल्यांवरचे बारीक जंत, वळवळत होते. तिथवर मी हुशार.

मग विचारलं, तळं केवढं? “तीस बाय तीस बाय तीन.” हे इथल्या निम्म्या जणांच्या हातावर गोंदलेलं असेल! मी २७०० घनमीटर धरले, घनमीटरला २५ मिली, म्हणजे ६७ लिटरच्या वर फॉर्मॅलिन. ओतलं.

आता शेततळं म्हणजे काय ट्रंक आहे? बाजू उतरत्या असतात. एकास एक उतार धरला तर वर ३० मीटर, तळाला २४. काठोकाठ भरलं तरी २२०० घनमीटरच्या आतच. आणि मे महिन्यात काठोकाठ? सोलापुरात? (हशा) पाणी होतं दीड मीटर, म्हणजे हजार घनमीटरसुद्धा नाही. घनमीटरला २५ मिलीचे झाले ६९. त्यात ५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पाच भाग, फॉर्मॅलिन साधारण १ पीपीएम ऑक्सिजन खातं, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेले! पहाटे तळ्यावर पांढरी पोटंच पोटं. मालक एक शब्द बोलले नाहीत. चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ‘एकरी इतकं टाका’ सांगणारा भेटला की मी विचारतो, बाबा, एकराला लांबी-रुंदी आहे, खोली कुठाय?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, तीन मिनिटं. म्हणजे मूळ विषय तीन मिनिटांत.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तळ्यात सोडण्याआधी मिठाची बुडी द्या: १० लिटर पाण्याला २०० ते ३०० ग्रॅम मीठ, काही मिनिटंच. मासा कलंडला की लगेच साध्या पाण्यात. टाकीत फॉर्मॅलिन द्यायचं तर हजार लिटरला १५० मिली, फार तर तासभर, हवा चालू ठेवून. पाणी तापलेलं असताना नकोच. कॅनच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते वापरू नका, विषारी असतं. मॅलाकाइट ग्रीन या हिरव्या रंगाच्या औषधाला खायच्या माशासाठी बंदी आहे, विषय संपला. औषधानं जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून पिल्लं बाहेर पडली की दुसरा हात द्यायचा, आणि कोमट पाण्यात अंडी लवकर फुटतात. आधी पाच-दहा माशांवर बघा, मग सगळ्यांवर.

काय म्हणालात? खोली कशी मोजायची? दोरीला दगड बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा, चार ठिकाणी सोडा. हो हो अध्यक्ष, बसतो.