पाण्याचा तळ कुठवर दिसतो?

(दृश्य : ऐरोलीची खाडी, पहाटेची ओहोटी. होडीच्या काठावरून दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात उतरते.)

दोरीला बांधलेल्या या पांढऱ्या थाळीचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली अशा थाळ्या समुद्रात सोडून पाण्याची नितळता मोजली, आणि आजही अभ्यासक त्याच्याच नावाने ओळखली जाणारी थाळी वापरतात. रीत साधी आहे : थाळी हळूहळू खाली सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की तोवर किती दोरी सुटली ते पाहायचे. ओहोटीचे पाणी ओढीने समुद्राकडे निघालेले असताना आमची थाळी हातभर दोरी सुटण्याआधीच नाहीशी झाली.

ठाणे आणि नवी मुंबईच्या तरण तलावांत स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याचे, पहिले धडे घेणारे अनेक जण एक प्रश्न विचारतात. दाराशी खाडी आहे, ठाण्याला तर तलावांचे शहर म्हणतात, मग पाण्याखालचे जग पाहायला रात्रभर प्रवास करून मालवण का गाठायचे? याचे उत्तर या थाळीच्या दोरीत आहे, आणि त्याहून अधिक आपल्या पायाखालच्या दगडात आहे.

खाडीपासूनच सुरुवात करू. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते, आणि प्रत्येक वेळी तळाचा बारीक गाळ उचलला जातो, पाण्यात तरंगतो आणि पुन्हा बसतो. या गाळातच खारफुटीची मुळे रुजतात, गाळावरच्या शेवाळावर आणि सूक्ष्म जीवांवर रोहित पक्ष्यांचे थवे पोसले जातात, आणि म्हणूनच २०१५ साली या खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला व २०२२ साली तिला रामसर पाणथळ स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. खाडीचे गढूळपण हे तिच्या श्रीमंतीचे लक्षण आहे. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांतून येणारे पाणी हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. गाळाला नावे ठेवून तो झाकला जाऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते. पण उद्या ते सारे पाणी शुद्ध होऊन आले, तरीही या खाडीत मुखवटा लावून उतरणाऱ्याला स्वतःचा पसरलेला हात दिसणार नाही.

(दृश्य : तानसा नदीचा काठ, अकलोली. कुंडातून उठणारी वाफ.)

मग गोड्या पाण्याच्या झऱ्यांचे काय? ठाणे जिल्ह्यात झरे आहेत, आणि ते प्रसिद्धही आहेत. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांत लोक पिढ्यान्‌पिढ्या स्नानाला येतात. पावसाचे पाणी खडकातील भेगांतून खोलवर मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. ज्या खडकातून ते येते तो सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. हा दगड पाण्यात सहज विरघळत नाही. पाण्याला वाट मिळते ती फटींतून, आणि फटीतून येणारा झरा कुंड भरू शकतो, माणूस पोहत जाईल एवढी पोकळी कोरू शकत नाही.

चुनखडीच्या प्रदेशात नेमके उलटे घडते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवत जमिनीखाली दालनेच्या दालने कोरते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात असे एक हजारांहून अधिक झरे आहेत. सांता फे नदीकाठचा जिनी स्प्रिंग्ज हा त्यांतला विशेष नावाजलेला. दगडातून गाळून आलेले पाणी इतके स्वच्छ असते की तळाच्या वाळूवरची काठावरच्या झाडांची सावली स्पष्ट दिसते, आणि त्याचे तापमान बारा महिने साधारण २२ अंश सेल्सिअस राहते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात छत कोसळून उघड्या पडलेल्या अशाच गुहांना सेनोते म्हणतात. किनाऱ्याजवळच्या सेनोत्यांत वर गोडे पाणी आणि खाली खारे पाणी असे दोन थर असतात, आणि ते जिथे मिळतात तिथे उकळत्या चहावरच्या हवेसारखी नजर थरथरते. आइसलँडमधील सिल्फ्रा ही भेग मात्र बेसॉल्टचीच आहे. हिमनदीचे वितळलेले पाणी सच्छिद्र लाव्ह्यातून वर्षानुवर्षे झिरपत तिथे पोहोचते, म्हणून शंभर मीटरपर्यंतचे दिसते. पण पाणी २ ते ४ अंशांचे असते, आणि ती भेग पाण्याने कोरलेली नसून भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकल्याने उघडलेली आहे.

नितळ पाणी माणसाला फसवते, हेही इथे सांगायला हवे. स्वच्छ गुहेत आत जाणारा पाणबुड्या पायाच्या एका चुकीच्या फटकाऱ्याने तळाचा गाळ उठवतो आणि क्षणात त्याला बाहेरची वाट दिसेनाशी होते. डोक्यावर दगडाचे छत असल्याने सरळ वर येणे शक्य नसते. म्हणूनच गुहेत उतरणारे प्रशिक्षित पाणबुडे प्रवेशापासून दोरी टाकत जातात आणि हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी व उरलेला संकटासाठी राखतात. जिनी स्प्रिंग्जमधील एका दालनात पुढची वाट लोखंडी जाळीनेच बंद केली आहे.

आपल्याकडे हीच फसवणूक दगडखाणींत होते. पारसिकच्या डोंगरालगत सोडून दिलेल्या खाणींत पावसानंतर हिरवट, वरून शांत दिसणारे पाणी साठते. उभे कडे, एका पावलात तुटणारी खोली, बुडालेले लोखंड आणि बाहेर यायला कुठेही नसलेला उतार, हे सारे त्या शांततेखाली असते. ही जागा स्नॉर्कलिंगची, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खालचे पाहण्याची, नाही आणि पोहण्याचीही नाही.

(दृश्य : ठाण्यातील तरण तलाव, सकाळची तुकडी. पाण्याखाली बुडबुड्यांची रांग.)

शिकण्याची खरी जागा ही आहे. स्नॉर्कलिंगला मुखवटा, वल्ह्यासारखी पावले आणि हातापेक्षा आखूड नळी एवढे पुरते. नळी लांब करून खोल जाता येईल असे नवशिक्यांना वाटते, परंतु मीटरभर खोलीवरच पाण्याचा दाब छातीवर इतका पडतो की पृष्ठभागावरची हवा ओढून घेणे कठीण होते, आणि लांब नळीत आपलाच उच्छ्वास साठून परत आत येतो. ही अडचण १९४३ साली फ्रान्समध्ये ज्याक इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सोडवली. त्यांच्या नियंत्रकातून सिलिंडरमधली हवा पाणबुड्याला नेमक्या भोवतालच्या दाबाने मिळू लागली.

याच सोयीतून स्कूबाचा पहिला नियम येतो : श्वास कधीही रोखायचा नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. १० मीटर खोलीवर छाती भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागापाशी ती दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटू शकते. कानांचेही तसेच आहे. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात किंचित सर्दी असताना मी पाण्यात उतरले आणि तीन मीटरवर कानात सुरी खुपसल्यासारखी कळ आली. प्रशिक्षकाने मला मीटरभर वर नेले, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायला लावली, आणि कान मोकळे होत नाहीत असे पाहून त्या दिवसाचा सराव थांबवला. तो निर्णय मला तेव्हा कठोर वाटला होता. आज मी सर्दी असताना कोणालाही पाण्यात उतरू देत नाही.

तलावातून समुद्रात जाताना आणखी एक हिशेब बदलतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. साहित्यासह १०० किलो भरणाऱ्या माणसाला ठाण्याच्या तलावात पाण्याखाली राहण्यासाठी जेवढे शिसे कमरेच्या पट्ट्यात पुरते, त्याहून सुमारे अडीच किलो शिसे मालवणला अधिक बांधावे लागते.

(दृश्य : कुडाळ स्थानक, सकाळ. नंतर मालवण बंदर, मागे सिंधुदुर्ग.)

रात्री ठाण्याहून पकडलेली कोकणकन्या सकाळी कुडाळला उतरवते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. त्याच किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले तेव्हा सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षणाखाली आले. इथेही नितळता गाळाच्याच हातात आहे. पावसाळ्यात कर्लीसारख्या नद्या माती आणतात, समुद्र खवळतो, आणि बुड्या बंद राहतात. पाऊस सरल्यावर गाळ बसत जातो आणि थंडीच्या महिन्यांत पाणी उघडते. जाणते मच्छीमार दिवसही सांगतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, तर अष्टमीच्या सुमाराच्या भांगात ओढ कमी आणि पाणी स्वच्छ. आम्ही भांगाचाच दिवस धरला होता. आमच्या थाळीची दोरी पाच मीटर सुटली तरी ती खाली पांढरी दिसत होती.

खाली प्रवाळांचे गोलसर दगडी पुंजके आहेत. प्रवाळ हा दगड नसून हजारो लहानग्या जीवांची वसाहत असते, आणि त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवून त्यांना पोसते. उन्हाने पाणी फार तापले की हे नाते तुटते आणि प्रवाळ पांढरे पडतात. गाळ साचला तर प्रकाश अडतो आणि ते गुदमरतात. पुंजक्यांच्या फटींत गोबरा मासा तोंड काढून बसलेला असतो, आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे फुलपाखरू मासे जोडीने फिरतात. इथे लाल रंग मात्र शोधू नये, कारण पाणी तो सर्वांत आधी शोषून घेते आणि काही मीटरवरच लाल पट्टा तपकिरी दिसू लागतो.

मालवणला पोहता न येणाऱ्या पर्यटकालाही प्रशिक्षक सिलिंडर धरून काही मिनिटे खाली फिरवून आणतात. अनेकांनी समुद्राचा तळ पहिल्यांदा असाच पाहिला, आणि त्यांचा आनंद खरा आहे. मात्र छायाचित्रात मासे जमावेत म्हणून पाण्यात खाऊ सोडण्याची आणि तोल सावरायला प्रवाळावर पाय टेकवण्याची सवय सोडायलाच हवी. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारा पुंजका एका टाचेखाली मोडतो. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीला बसतात.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी उंचवटा आहे. त्याचा माथा साधारण २० मीटर खोलीवर आहे, आणि किनाऱ्याच्या गाळापासून तो इतका दूर आहे की तिथले प्रवाळ खोलवरही प्रकाशात वाढतात. तिथे एका दिवसात जाऊन येता येत नाही.

(दृश्य : ऐरोली, पुन्हा तीच होडी.)

परतल्यावर आम्ही खाडीत पुन्हा गेलो. या वेळी मालवणच्या मच्छीमारांचा सल्ला मानून भांगाचा दिवस निवडला, आणि भरती पूर्ण होऊन पाणी थबकते ती वेळ धरली. किनाऱ्याच्या तिवरांत एक बगळा निश्चल उभा होता. थाळी सोडली. ती मागच्या वेळेपेक्षा चार बोटे अधिक खोल जाईपर्यंत दिसत राहिली.