दुसरा दोर

(माहितीपटाचं पहिलं दृश्य. एसटीच्या खिडकीतून आंबोली घाट. सीटखाली रंगाची बादली.)

आजरा मागं पडलं की हवा बदलायला लागते. आंबोलीचा घाट उतरताना कानांना दडे बसतात आणि सावंतवाडी येईस्तोवर शर्ट पाठीला चिकटतो. पेंटरच्या पायांत वीस लिटरची रिकामी बादली आहे. रिकामी म्हणजे रंग नाही एवढंच, बाकी सगळं आहे. ब्रश, रोलर, ओळंबा, सुताची गुंडी, पत्र्याचे खरवडे आणि सगळ्यात वर घरून दिलेला डबा. शेजारी भाचा झोपलाय.

'पेंटर' हा शब्द आम्ही मानानं वापरतो. कोल्हापुरात ती पदवी आहे. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे, ते बाबूराव पेंटर झाले. पुढं त्यांनी सिनेमे काढले, तरी लोकांच्या तोंडी नाव पेंटरच राहिलं. आपले पेंटर त्याच गावचे. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या फळ्या, तालमीतला मारुती, असं सगळं केलेलं. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. राहिल्या भिंती. पाटी घरी आणून रंगवता यायची, भिंतीपाशी मात्र आपणच जावं लागतं. म्हणून वर्षातले निम्मे दिवस एसटीत आणि परगावी.

(शाळेचं आवार. भिंत दुरून, मग जवळून.)

वेंगुर्ल्याजवळ, समुद्राच्या कानाशी असलेलं गाव. प्राथमिक शाळेची ही चाळीस फूट लांब, अकरा फूट उंच भिंत. विषय रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढायच्या मासेमारीचा. दर चौरस फुटावर ठरलेला. डिसेंबरात निम्मं काम करून पेंटर दुसऱ्या कामांवर गेले होते. आता मेचा मध्य आहे. शाळेला सुट्टी आहे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात या किनाऱ्यावर पाऊस येतो. उरलेलं काम तेवढ्यात उरकून पुढं बेळगाव गाठायचं.

पेंटर भिंतीपुढं उभे आहेत. बोलत नाहीत.

"मामा, हितं फुगलंय बघा."

भाच्यानं बोट लावलं आणि होडीच्या पोटाखालचा निळा रंग पापडासारखा निघून आला. त्याच्या पाठीमागं पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते ना? ती बुरशी नाही. मीठ आहे. याला लोणा म्हणतात.

भिंत जांभ्याची आहे. कोकणात चिरा म्हणतात तोच, सच्छिद्र दगड. पाया ओला असला की जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं चिऱ्यातून वर चढतं. पृष्ठभागाशी येऊन वाळतं आणि सोबत आणलेले क्षार तिथंच टाकून जातं. वरून पुट्टी आणि रंगाचं झाकण घट्ट बसलेलं असेल, तर क्षारांचे खडे आतून रंगाला ढकलतात. डिसेंबरात ही पुट्टी काम देणाऱ्यांनी आधीच मारून ठेवली होती. 'भिंत तयार आहे, तुम्ही फक्त रंगवा,' असा निरोप होता. 'फक्त' हा शब्द या धंद्यात फार ऐकायला मिळतो.

गावातले एक म्हातारे गवंडी रोज संध्याकाळी येऊन बसायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "ही भित खालसून पाणी पिता, पेंटरांनू. हय रंग रवाचो नाय."

(खरवडा भिंतीवर. आवाज तसाच राहू द्या.)

खालचे साडेतीन फूट पार चिऱ्यापर्यंत सोलून काढले. तीन दिवस लागले. लोणा कोरड्या ब्रशानंच झाडायचा. पाण्यानं धुतला, तर मीठ विरघळून पुन्हा आत जातं. हे सांगताना पेंटरनी कॅमेऱ्यासमोर ब्रश दोनदा आपटून दाखवला. खाली सांडलेली पूड सुपलीत भरून आवाराबाहेर नेली, पायाशी ठेवली नाही.

आता खालच्या पट्ट्यावर चुना. पिंपात पाणी, त्यात कळीचा चुना. खडे आधी गप्प बसतात, मग तडकतात आणि पिंप उकळायला लागतं. खाली जाळ नसताना. पेंटरनी भाच्याला मागं ओढलं ते दिसतंच आहे, डोळ्यात शिंतोडा गेला की डोळा जातो. हा चुना आठ दिवस मुरत ठेवला, धोतराच्या फडक्यातून गाळला, त्यात थोडा डिंक घातला. चुन्याचा लेप हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, पण श्वास कोंडत नाही. ओल त्यातून बाहेर पडते. त्यावर चालतील असे रंगही जुनेच. गेरू, पिवडी, काजळी आणि कपड्यांची नीळ.

(पिंगुळी.)

चुना मुरत होता त्या दिवसांत पेंटर कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन आले. तिथले ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात. कागदावरची चित्रं पाठीला पाठ चिकटवून त्यांची पोथी बांधलेली. एकेक पान उलटत वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं गायची आणि गावोगाव फिरायचं. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पेंटर एकेका पानापाशी बराच वेळ थांबले. येताना एसटीत एवढंच म्हणाले, "यांचं बरंय, भिंत काखेत मारून फिरतात."

(निळीचं सूत.)

हे आमचं सगळ्यात आवडतं दृश्य, म्हणून जरा लांबवलंय. सूत निळीच्या पाण्यात बुडवलं. एक टोक भाच्याच्या अंगठ्याखाली, दुसरं पेंटरच्या. मधोमध चिमटीत धरून ओढलं आणि सोडलं. टप्प. भिंतीवर सरळ निळी रेघ. अशा रेघांचे एक-एक फुटाचे चौकोन पाडायचे. हातातल्या कागदावर तेवढेच चौकोन इंचाचे. कागदावरच्या सातव्या घरात माशाचा डोळा असेल, तर भिंतीवरही सातव्याच घरात. प्रोजेक्टर त्यांच्याकडं आहे, पण दिवसा उजेडात त्याचा उपयोग काय?

मग परांचीवर चढून सहा दिवस रंग. वर ॲक्रिलिक, खाली चुना, आणि दोहोंचा सांधा बरोबर लाटेच्या फेसावर आणलेला. सांगितल्याशिवाय कळत नाही. क्षितिजावर वेंगुर्ल्याच्या समुद्रातली खडकाळ बेटं आहेत आणि त्यांवरून उडणारे ठिपके म्हणजे पाकोळ्या. तिथल्या गुहेत त्या लाळेनं चिकटवून घरटी बांधतात. पेंटरनी त्या एका श्वासात काढल्या, मोजून पाहिल्या तर एकोणतीस भरल्या.

खरवडणं, चुना, चौकोन, रंग असे मिळून अठरा दिवस. बिलात सहा धरले. शेवटचा हप्ता गणपतीत आला, आणि बेळगावचं काम तोवर दुसऱ्या कुणीतरी केलं.

(शेवटचा दिवस. आभाळ भरलेलं.)

परांची सोडायला घेतली होती. काथ्याच्या गाठी भाचा दातांनी सोडवत होता. तेवढ्यात किनाऱ्यावरून रापणकर आले. पाय वाळूनं माखलेले. पाहत राहिले. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं होडी पाहिली, जाळं पाहिलं, ओढणारी माणसं एकेक करून मोजली.

"बरा काढल्यात हां. पण दुसरो दोर खंय?"

रापणीत होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं सोडत अर्धगोल घेते आणि लांबवर परत किनाऱ्याला लागते. जाळ्याला दोन टोकं, दोन दोर, ओढणाऱ्या दोन टोळ्या. ओढत ओढत टोळ्या एकमेकींजवळ सरकतात आणि जाळं मिटतं. पेंटरच्या चित्रात एकच टोळी होती. एकाच दोरावर सगळं गाव. असं जाळं ओढलं तर मासे दुसऱ्या अंगानं निघून जातील.

पेंटर हसले. मग भिंतीच्या उजव्या टोकापर्यंत चालत गेले. जागा नव्हती. भिंत तिथं संपत होती.

भाच्यानं सोडलेली गाठ पुन्हा बांधली. गेरू आणि काजळी कालवून पेंटरनी जाळ्याच्या दुसऱ्या टोकातून दोर काढला, भिंतीच्या कडेपर्यंत आणला आणि कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर नेला. ही भिंत मोजमापात नाही. खिडकीखालून, पाण्याच्या नळावरून दोर पुढं गेला आणि त्यावर सात माणसं उभी राहिली. सातव्याचे पाय रंगवायचे राहिलेत. पावसाचे पहिले थेंब लेन्सवर दिसतायत तेच.

रापणकरांनी पुन्हा मोजलं. मग आतून ताडपत्री आणली आणि चौघांनी चार टोकं धरली.