एनसीच्या कागदावर थांबू नका

श्रोतेहो, नमस्कार. नवऱ्याच्या माराला कंटाळून बाई पोलीस ठाण्यात जाते आणि पुष्कळदा एनसीचा कागद घेऊन घरी परतते. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत.

असं का होतं? ‘नवऱ्यानं मारलं’ एवढंच सांगितलं की ठाणे अंमलदार साधी दुखापत लिहितो, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२). ती अदखलपात्र. पण मार कधीपासून चालू आहे, कशानं मारलं, माहेरून पैसे आणायला लावले का, हे सगळं जबाबात आलं तर कलम ८५ लागू शकतं, म्हणजे नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळ केल्याचं कलम, जुनं ४९८अ. हाड मोडलं, दात पडला तर ११७. चटके दिले, सुरी-कोयता चालवला तर ११८. ही तिन्ही दखलपात्र, म्हणजे पोलीस आदेशाशिवाय तपास करू शकतात, आणि त्यांतलं एक जरी लागलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून घाई करू नका. तारखा, वस्तू, साक्षीदार सांगा आणि जबाब वाचून घेतल्यावरच सही करा.

ठाण्यातून दवाखाना यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी रुग्णालयाला दिलेलं पत्र, मागून घ्या आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. इथं मोठी चूक होते. नवरा शेजारी उभा असतो, बाई ‘पाय घसरला’ म्हणते, केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढे कोर्टात तोच कागद तिच्याविरुद्ध दाखवला जातो. डॉक्टरांशी एकटीनं बोला. वळ दुसऱ्या दिवशी गडद होतात, तेव्हा फोटो पुन्हा काढा.

‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याची नोंद, कुठंही घ्यावीच लागते. तिची प्रत मोफत मिळते. नकार मिळाला तर तक्रार लेखी करून टपालानं पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाकडे पाठवा. पोचपावती जपा. तरी दखल नाही झाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

‘समजुतीनं घ्या’ म्हणून पोलिसांचं काम संपत नाही. संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि संरक्षण आदेश यांची माहिती तिला देणं हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं त्यांचं कर्तव्यच आहे. संरक्षण आदेश म्हणजे नवऱ्याला हिंसा करण्यापासून रोखणारा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश; तो मोडणं दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्या आदेशाची एक प्रत विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा. नवरा पुन्हा दारात आला तर ११२ लावा, आधी पत्ता सांगा, मग आदेश झाल्याचं सांगा.