बाकासी ते चाड: एका सीमेची कलमं

श्रोतेहो, नमस्कार.

आफ्रिकेच्या सीमांचा विषय निघाला की बर्लिन परिषद आठवते. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात युरोपीय सत्तांनी तिथे बसून अख्खा खंड वाटून घेतला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बर्लिनमध्ये किनाऱ्यावर नवा ताबा घेण्याचे आणि काँगो-नायजर नद्यांवरच्या व्यापाराचे नियम ठरले. बहुतेक सीमा नंतर दोन-दोन सत्तांच्या करारांनी पडल्या. म्हणून नकाशाइतकीच त्या करारांची कलमंही वाचावी लागतात. आज आपण नायजेरिया आणि कॅमेरून यांची सीमा पाहू.

या सीमेच्या दक्षिण टोकाला बाकासी द्वीपकल्प आहे. खारफुटी, खाड्या आणि मच्छीमारांच्या वस्त्या. लोक मुख्यतः एफिक आणि इबिबिओ बोलणारे, त्यांचे जुने संबंध कलाबारशी, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या बंदराशी. सप्टेंबर १८८४ मध्ये जुन्या कलाबारच्या राजांनी ब्रिटनशी संरक्षणाचा करार केला. पुढे ११ मार्च १९१३ रोजी ब्रिटन आणि जर्मनीने आपसात करार करून सीमा अक्वायाफे नदीच्या मुख्य प्रवाहातून नेली आणि बाकासी जर्मन कॅमेरूनमध्ये गेलं. नदीनं उद्या पात्र बदललं आणि तिचं मुख पूर्वेच्या रिओ देल रे या खाडीकडे वळलं, तरी बाकासी जर्मनांचंच राहील, हेही त्यांनी लिहून ठेवलं. एवढा पुढचा विचार करणाऱ्यांना, ज्यांना संरक्षणाचं वचन दिलं होतं त्या राजांची संमती मात्र आवश्यक वाटली नाही. माझ्या मते या सीमेचं मूळ दुखणं हेच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन कॅमेरून ब्रिटन आणि फ्रान्सने वाटून घेतलं. फेब्रुवारी १९६१ च्या सार्वमतात ब्रिटिश वाट्याचा उत्तर भाग नायजेरियाकडे आणि दक्षिण भाग कॅमेरूनकडे गेला. त्याच दक्षिण भागात २०१६ साली इंग्रजी बोलणाऱ्या वकिलांनी आणि शिक्षकांनी आंदोलन केलं. न्यायालयांत आणि शाळांत फ्रेंच लादलं जातंय, ही त्यांची तक्रार होती. पुढे त्यातून सशस्त्र संघर्ष पेटला.

मग स्वतंत्र झालेल्या देशांनी या सीमा बदलल्या का नाहीत? जुलै १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी एकता संघटनेनं ठराव केला, की स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमांचा मान राखायचा. सोमालिया आणि मोरोक्को यांनी तो मानला नाही. पण एक सीमा उघडली तर शेजारच्या सगळ्याच उघडतील, ही भीती खरी होती. परिणाम असा, की वाद न्यायालयात गेला की पहिला प्रश्न येतो: स्वातंत्र्याच्या दिवशी सीमा कुठे होती? आणि उत्तरासाठी पुन्हा १९१३ सालचाच कागद काढावा लागतो.

बाकासी कुणाचं, या वादावर कॅमेरून मार्च १९९४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १० ऑक्टोबर २००२ रोजी १३ विरुद्ध ३ मतांनी बाकासी कॅमेरूनचं ठरलं. जून २००६ मध्ये दोन्ही देशांत झालेल्या ग्रीनट्री करारात तिथल्या नायजेरियन रहिवाशांना हुसकावायचं नाही, नागरिकत्व बदलायची सक्ती करायची नाही, असं ठरलं. ऑगस्ट २००८ मध्ये हस्तांतर पूर्ण झालं.

याच सीमेच्या उत्तर टोकाला चाड सरोवर आटत गेलं. पाण्यामागोमाग नायजेरियन मच्छीमार पुढे सरकले आणि दारकसारखी गावं वसली. नायजेरियानं तिथे शाळा आणि दवाखाने चालवले. न्यायालयानं मात्र त्याच निकालात सांगितलं, की अशा कारभारामुळे मालकी बदलत नाही. डिसेंबर २००३ मध्ये ती गावं कॅमेरूनला सोपवली गेली.

कागदावर सीमा ठरवणं वेगळं, आणि तिचे खांब जमिनीत रोवणं वेगळं. दोन्ही देशांच्या पथकांना आधी कलमातली नदी किंवा डोंगर आज कुठला ते ओळखावं लागतं. मग अक्षांश-रेखांशांवर एकमत करायचं, आणि त्यानंतर खांब. घोळ बहुधा पहिल्याच पायरीवर होतो. नद्यांची नावं बदललेली असतात, कलमात एकच प्रवाह लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात फाटे दोन निघतात. कोचा या नायजेरियन गावाजवळ सीमा पाणलोट रेषेवरून, म्हणजे जिथून पावसाचं पाणी दोन बाजूंना वाहतं त्या उंचवट्यावरून, जाते आणि गाव वाढत वाढत त्या रेषेपलीकडे गेलं आहे. ठरलेली सीमा बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, दोन्ही देशांनी मिळून मार्ग काढावा, असं न्यायालयानं म्हटलं. तो मार्ग काढताना पलीकडे गेलेली घरं, शेतं आणि पाण्याच्या वाटा आधी मोजून त्यांचे हक्क लेखी नोंदवावेत, आणि मगच खांब रोवावा.