गांजा कायदेशीर करायचा का? आधी वजनकाटा बघू

नमस्कार. होळीला भांगेचा पेला हातात धरलेला फोटो लोक बिनधास्त स्टेटसला ठेवतात. चिलमीचा ठेवून बघा! झाड मात्र एकच.

1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने त्या झाडाची वाटणी केली आहे. शेंड्याची फुलं म्हणजे गांजा, चीक म्हणजे चरस, दोन्ही गुन्हा. नुसती पानं या कायद्यातून सुटतात. लोकांना वाटतं, परंपरेचा मान राखला. पण पानं वगळायची ही व्याख्या 1961 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही तशीच आहे. (आणि हो, महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो. स्टेटसवाले, जपून.)

[स्क्रीनवर: 1 किलो / 20 किलो]

शिक्षा ठरते वजनावर. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर गेलात तर किमान दहा वर्षं, आणि कलम 37 मुळे जामीन मिळणं महाकठीण.

आता पकडलेली गोणी उघडा. आत नुसती फुलं नसतात. देठ असतात, पानं असतात, बिया असतात. पंचनाम्यात अख्ख्या गोणीचं वजन लागतं, आणि कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे शेंडे! मग 22 किलोच्या गोणीत गांजा खरा किती? याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन दिलेला आहे. पण तिथवर पोचायला वकील लागतो, पैसा लागतो, आणि तोवर माणूस आतच.

एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत गांजा-चरस घेणाऱ्यांचा आकडा होता सुमारे 1.3 कोटी. एवढे सगळे आत घालायचे ठरवलं तर कोठडी कुठून आणणार? मग सापडतो तो कॉलेजचा पोरगा नाहीतर रिक्षावाला. माल पुरवणारा मोकळाच.

म्हणून काय, दुकानं उघडायची? थांबा. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ ही शुद्ध थाप आहे. धोतऱ्याचं बीसुद्धा नैसर्गिकच की! कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या मुलांत मनोविकाराचा धोका वाढतो, सवयही जडते. इंग्रजांनी 1893-94 मध्ये नेमलेल्या आयोगाने तब्बल 1193 साक्षी घेऊन सांगितलं होतं की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, बंदी नको, कर लावा. गांजाचे वकील हा अहवाल नाचवतात. अतिरेकाने नुकसान होतं, हेही त्याच अहवालात आहे, ते पान मात्र कुणी दाखवत नाही.

थायलंडचं बघा. जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियमांचा नीट पत्ता नाही. बँकॉकमध्ये गल्लोगल्ली दुकानं. जून 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची. आधी दार उघडलं, मग कडी शोधली.

आणि आपल्याकडे? गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. टपरीवर जाऊन बघा. पुडी हलवता न आलेली यंत्रणा वयाचा दाखला तपासून गांजा विकेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे: विक्री बंदच राहू दे, पण ओढणाऱ्याला तुरुंग नको. उपचाराला स्वतःहून जाणाऱ्या व्यसनी माणसावर ओढल्याबद्दल किंवा थोडा माल सापडल्याबद्दल खटला चालवू नये, असं याच एनडीपीएस कायद्याचं कलम 64अ आजही सांगतं. ते किती जणांना माहीत आहे? पोलिसांनी पकडल्या पकडल्या हे सांगायची सक्ती करा. आणि वजन करताना देठ-पानं बाजूला काढा. त्याला तर नवा कायदाही लागत नाही.