जुन्या उबुंटूवर नवं सॉफ्टवेअर टाकताय? आधी जीलिबसीवरचा हात काढा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की तुम्ही ग्रुपवर ठरवून विचारताय की काय असं वाटायला लागलं. प्रश्न जीलिबसीचा, म्हणजे लिनक्सवरचे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात त्या सामायिक लायब्ररीचा. "ताई, उबुंटू 20.04 आहे. नवा प्रोग्रॅम उतरवला, तर तो म्हणतो जीलिबसी 2.34 नॉट फाउंड. ही 2.34 कुठून डाउनलोड करू?"

कुठूनच नाही. झालं उत्तर. पण आता आलाच आहात तर बसा, कारण एवढ्यावर तुम्ही ऐकणार नाही हे मला माहितीये.

आप्ट हा उबुंटूचा सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम. आप्ट अपडेट, आप्ट अपग्रेड, त्याआधी बॅकअप, हे सगळं येतं तुम्हाला, कमांड स्क्रीनवर दिल्यात. पुढे चला. आणि "सरळ 24.04 टाका की" असं टाइप करायला घेतलेल्या मंडळींनो, अगदी बरोबर बोलताय. जमत असेल त्यांनी तेच करा. आधी 22.04, मग 24.04, मधली पायरी गाळता येत नाही. 20.04 चा नेहमीचा सपोर्ट मे 2025 मध्ये संपलाय. पण कुणाच्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर पुढे चालत नाही, कुणाचं मशीन ऑफिसचं असतं, हात लावायची परवानगी नसते. अशांनी निदान उबुंटू प्रो चालू करा. घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, सुरक्षेचे अपडेट 2030 पर्यंत येत राहतील.

आता मुद्द्याचं. टर्मिनल उघडा, एलडीडी, स्पेस, डॅश डॅश व्हर्जन.

[स्क्रीनवर: आउटपुटची पहिली ओळ, 2.31 भोवती लाल गोल]

20.04 वर 2.31 दिसेल. 22.04 वर 2.35, 24.04 वर 2.39. हा जीलिबसीचा आकडा. जीलिबसी म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरची टाकी समजा. एलएस, सीपी, सुडो या रोजच्या कमांड, तुमचा ब्राउझर, सगळ्यांच्या नळाला पाणी तिथूनच. आता तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने नवा शॉवर आणला आणि त्याला प्रेशर पुरत नाही, म्हणून तुम्ही भर सकाळी टाकी बदलायला निघालात. बाकीचे आंघोळीला बसलेत हो!

"पण ताई, प्रोग्रॅम एवढुसा आहे, त्याला 2.34 कशाला लागतं?" चांगला प्रश्न, याचा मलाही एकेकाळी राग यायचा. गंमत अशी की ऑगस्ट 2021 मध्ये 2.34 आली, तेव्हा प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा व्हर्जन-शिक्का लागला. त्यामुळे 22.04 वर नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला नुसता हॅलो वर्ल्डसुद्धा 20.04 वर चालत नाही. प्रोग्रॅमने काही खास मागितलेलं नसतं, तो फक्त नव्या घरात जन्मलेला असतो. उलट्या दिशेने अडचण नाही. 20.04 वर बांधलेला 24.04 वर सहसा बिनबोभाट चालतो.

माझा मावसभाऊ इचलकरंजीत झेरॉक्सचं दुकान चालवतो. रात्री साडेनऊला फोन. "तायडे, एलएस पण चालंना गं." काय केलंस? तर कुठून तरी नवी लिबसीची, म्हणजे जीलिबसीची मुख्य फाइल आणली, सिस्टीमच्या फोल्डरात ठेवली आणि लिंक तिच्याकडे वळवली. झालं. लिबसी आणि तिचा लोडर, म्हणजे प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा, जोडीनेच चालतात, एकाच व्हर्जनचे लागतात. लिंक परत फिरवायला जी कमांड लागते तिलाही लिबसी लागते. सुडोलाही. रीस्टार्ट केल्यावर तर मशीन उठेचना. शेवटी लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून एका कमांडने लिंक जागेवर आणली, जुनी फाइल बिचारी शेजारीच पडून होती. कमांड एक, पण तिच्यापर्यंत पोचायला दोन तास. त्यातला एक तास पेनड्राइव्ह शोधण्यात.

यावर एक कमेंट येणार, येतेच दर वेळी: "मी सोर्सेस लिस्टमध्ये (आप्ट पॅकेज कुठून घेतं ती यादी) फोकल (20.04) खोडून जॅमी (22.04) लिहिलं आणि एकच पॅकेज घेतलं, काही झालं नाही." तुमचं नशीब थोर. त्या एका पॅकेजने मागच्या दाराने नवी जीलिबसी आणली, म्हणजे टाकी तुम्हीही बदललीत, फक्त प्लंबर आप्ट होता. आता अर्धी सिस्टीम फोकल, अर्धी जॅमी. पुढच्या अपडेटला आप्ट विचारेल, "ही चाळीस पॅकेजेस काढू का?" आणि तुम्ही न वाचता वाय दाबाल. दाबालच.

मग करायचं काय? टाकीला हात न लावता शॉवरवाल्याला वेगळा जार आणून द्यायचा. फ्लॅटपॅक आणि स्नॅप, ॲप पॅक करून देण्याच्या दोन पद्धती, हेच करतात, स्वतःची जीलिबसी सोबत घेऊन येतात. पहिल्याच ॲपला काहीशे एमबी उतरतात म्हणून कुरकुर करू नका, तो जारच आहे. ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमधलं ॲप, मात्र बहुतेक वेळा जीलिबसी आणत नाही, म्हणून तिथेही हीच एरर दिसू शकते. टर्मिनलवरचा प्रोग्रॅम असेल तर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात, 24.04 घ्या आणि त्यात चालवा. किंवा सोर्स घेऊन 20.04 वरच कंपाइल करा, तो आपोआप 2.31 शी जुळतो.

पायथनवाले, तुमच्यासाठी वेगळी चिडचिड राखून ठेवलीये. 20.04 चा पायथन 3.8. तो तुमचा नाही, तो सिस्टीमचा आहे. पायथन3 ची लिंक 3.11 कडे वळवा आणि बघा, टर्मिनलच उघडत नाही, कारण उबुंटूवर टर्मिनल उघडणारी कमांड स्वतः एक पायथन स्क्रिप्ट आहे. हा पराक्रम मावसभावाचा नाही, माझा. कंट्रोल-आल्ट-एफ3 दाबून काळ्या स्क्रीनवर गेले आणि लिंक 3.8 कडे परत वळवली. आता मी पायथन बसवायला यूव्ही हे साधन वापरते. त्याचे पायथन मुद्दाम जुन्या, 2.17 जीलिबसीवरही चालतील असे बांधलेले असतात. सोर्समधून बांधणार असाल तर मेक इन्स्टॉल नाही, मेक ऑल्टइन्स्टॉल. त्याने नवा पायथन3.11 या नावाने शेजारी बसतो, पायथन3 हे नाव बळकावत नाही.

कमेंटमध्ये नुसतं "चालत नाही" लिहू नका. एलडीडीची पहिली ओळ आणि एररमधला आकडा, दोन्ही टाका. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवणाऱ्यांना मी उत्तर देते, पण सगळ्यात शेवटी.